२१५०ची जूगोया: जपानी शरदावर विज्ञानकथा लिहितोय, जाणकारांनी हात द्यावा

पाणवठा | ८ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. काल रात्री खग्रास ग्रहणासाठी गच्चीवर जाऊन बसलो. ढगांच्या फटीतून जेमतेम पाच मिनिटं तांबडा चंद्र दिसला आणि बरेच दिवस अडून बसलेली कथा पुन्हा डोक्यात घुसली. एका दिवाळी अंकाला विज्ञानकथा द्यायचं कबूल केलंय, २२ तारखेच्या आत हवी आहे.

विषय असा: जपानमध्ये शरदाच्या तोंडावर जे सण येतात ते सन २१५०मध्ये कसे असतील? माझी सगळी माहिती वाचीव आहे, आधीच सांगतो. जूगोया म्हणजे त्यांच्या जुन्या पंचांगातल्या आठव्या महिन्याची पंधरावी रात्र. सुसुकी गवताचे तुरे आणि पंधरा दांगो (तांदळाच्या पिठीचे गोळे) मांडून चंद्र बघायचा, याला त्सुकिमी म्हणतात. मग विषुवदिनाच्या आगेमागे मिळून सात दिवस हिगान, ते पितरांचे. आणि १ ते ३ सप्टेंबरला तोयामाकडच्या यात्सुओ गावात वाऱ्याने पिकाला धक्का लावू नये म्हणून होणारा नाच, ओवारा काझे नो बोन.

आराखडा: तोक्योचा चंद्र धुरक्यात कायमचा गडप झालाय, म्हणून पालिका दर जूगोयाला ड्रोनचा चंद्र उडवते. गवत होलोग्रामचं. यात्सुओत माणसं उरली नाहीत, रोबॉट नाचतात. दहा वर्षांची एक मुलगी, तिची आजी. इथून पुढे गाडी हलत नाही. बोला.

तर्कटराव | ९:५८

रुमाल टाकून ठेवतो.

पण एक सांगा. ड्रोन, होलोग्राम आणि रोबॉट काढून घेतले तर कथेत उरतं काय? आणि ठेवलेच तर ती जपानचीच का, हिंजवडीची का नाही?

मंदाकाकू | १०:१५

तर्कटराव, अहो सोमवार सकाळ आहे, जरा दमानं. पाणवठा, तुम्ही लिहा. मला दांगोबद्दल उत्सुकता आहे, कुणी केलेत का घरी?

सायतामाकर | दुपारी १:२०

चौदा वर्षं तोक्योशेजारच्या सायतामात राहतोय, त्यामुळे तोंड उघडल्याशिवाय राहवत नाही. तर्कटरावांशी निम्मा सहमत.

ड्रोनचा चंद्र इथे पटणार नाही, आणि कारण भाषेतच आहे. जूगोयाच्या रात्री ढग आले की त्याला मुगेत्सु म्हणतात, 'चंद्र नसलेली'. पाऊस आला तर उगेत्सु, 'पावसातला चंद्र'. सप्टेंबर म्हणजे वादळांचा महिना, दर दोन-चार वर्षांनी चंद्र दगा देणारच. मग लोक काय करतात? दांगो मांडतात, ढगाआडचा उजेड कुठे फिकट दिसतोय ते बघतात, खातात आणि झोपतात. न दिसणाऱ्या चंद्रालाही नाव देऊन ठेवलेल्या लोकांना पालिकेने खोटा चंद्र दाखवला, तर पहिली तक्रार तुमच्या कथेतली आजीच करेल.

दुसरं, तुम्ही २१५०साठी जे राखून ठेवलंय त्यातलं बरंच आमच्याकडे होऊन गेलंय. शिंजुकूत कोकोकुजी देवळात रुरिदेन म्हणून अस्थिगृह आहे. भिंतीभर काचेच्या दोन हजारांवर छोट्या बुद्धमूर्ती, आत एलईडी दिवे. नातेवाइकाने कार्ड लावलं की त्याच्या माणसाची मूर्ती वेगळ्या रंगात उजळते. काही ठिकाणी कार्ड लावल्यावर अस्थिकलश यंत्राच्या पट्ट्यावरून तुमच्यासमोर येऊन थांबतो. क्योतोच्या कोदाइजीत २०१९पासून मिंदार नावाचा यांत्रिक कान्नोन प्रज्ञापारमिताहृदय सूत्रावर प्रवचन देतो, अ‍ॅल्युमिनियमची हाडं आणि सिलिकॉनचा चेहरा. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. म्हणजे रोबॉट भटजी येऊन सहा वर्षं झाली आणि हिगानला कबरी धुवायला लोक बादली-पळी घेऊन तसेच येतात.

तिसरं, इथे खरी उलथापालथ झाली आहे ती उन्हाळ्याची. जून ते ऑगस्टची सरासरी १८९८पासूनच्या नोंदींत यंदा सगळ्यात जास्त, आणि सलग तिसरा विक्रमी उन्हाळा. ५ ऑगस्टला शेजारच्या गुन्मा प्रांतात इसेसाकीला ४१.८ अंश झाले. जुन्या पंचांगात वर्षाचे पाच-पाच दिवसांचे ७२ ऋतू आहेत. त्यात 'गार वारा येतो' हा ऋतू ७-८ ऑगस्टला लागतो! काल 'पांढरं दव' सुरू झालं. मी हे पंखा अंगावर घेऊन टंकतोय. तुमची कथा इथे आहे असं मला वाटतं.

अवांतर: मॅकडोनाल्ड्सचा त्सुकिमी बर्गर १९९१पासून दर शरदात येतो, आतलं अंडं म्हणजे चंद्र. परंपरा टिकण्याचा हाही एक मार्ग.

अळकुडी | दुपारी ३:०५

वरच्या प्रतिसादाला जोडून. सण आणि हवामान यांची फारकत तिथे एकदा झालेली आहे, आणि तीही एका सरकारी हुकुमाने. १ जानेवारी १८७३ला जपानने चांद्र पंचांग सोडून ग्रेगरियन घेतलं. जूगोया चंद्राला बांधलेली, म्हणून वाचली. पण नवव्या महिन्याच्या नवव्या दिवसाचा चोयो, म्हणजे शेवंतीचा सण, थेट ९ सप्टेंबरला नेऊन ठेवला. जुन्या हिशेबात तो ऑक्टोबरात येई, शेवंती फुललेली असे. आदल्या रात्री फुलांवर कापूस घालायचा, पहाटे दवाने आणि वासाने भिजलेल्या त्या कापसाने अंग पुसायचं, म्हातारपण दूर राहतं म्हणे. ९ सप्टेंबरला कुठली शेवंती आणि कुठलं दव? आज पाच ऋतुसणांत सगळ्यात विसरला गेलेला तोच. (उद्याच आहे, बाय द वे.)

यावरून सुचतं ते असं की २१५०ला सण टिकले का हा प्रश्न नाही, कशाला बांधलेले टिकले हा आहे. चंद्राला, तारखेला की फुलाला?

फुलाचं म्हणाल तर हिगानबाना घ्या. हिगानच्या सुमारास शेताच्या बांधांवर, कबरींभोवती लालभडक फुलणारी लिली. कंद विषारी, म्हणून उंदीर-चिचुंदऱ्या लांब राहाव्यात यासाठी माणसांनीच लावलेली. आधी नुसता दांडा आणि फूल, पानं नंतर; फूल आणि पान एकमेकांना कधी बघत नाहीत. हिचं दुसरं नाव मांजुशागे, आणि ते आपल्याकडून गेलंय: सद्धर्मपुंडरीक सूत्रात आकाशातून पडणारं मंजूषक फूल. हिगान म्हणजेही अक्षरशः पैलतीर.

जपानमधली हिगानबाना त्रिगुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, त्यामुळे बी धरत नाही. सगळी कंदांवरून वाढली. म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी एकच झाड असावं तसा प्रकार. आणि ती फुलते तारीख बघून नाही, जमिनीचा उष्मा उतरल्यावर. उन्हाळा लांबला की फूल लांबतं.

सायतामाकर | दुपारी ३:४०

अगदी. माझ्या घरापासून किन्चाकुदा तासाभरावर, नदीच्या वळणात पन्नास लाख हिगानबाना. हल्ली विषुवदिनाला जाऊन हिरवे दांडे बघून परत आलेले लोक भेटतात.

आणखी एक. इथलं हवामान खातं १९५३पासून ऋतुखुणा नोंदवत होतं: पहिली चिमणपाखरं, पहिला रातकिडा वगैरे. २०२१पासून प्राणी-पक्षी-कीटकांच्या सगळ्या नोंदी बंद. केंद्रांच्या आसपास ते सापडेनासेच झाले. ३४ वनस्पतींमधल्या सहा ठेवल्या. त्या सहांत सुसुकी आहे!

तर्कटराव | संध्या. ६:१०

आता कुठे धागा रंगला. पाणवठा, होलोग्रामचं गवत उपटा. सहांत उरलेलं गवत आहे ते.

पाणवठा | रात्री ९:३०

उपटलं. ड्रोनही खाली उतरवले. रोबॉटांना मात्र सोडवत नाही हो.

सायतामाकर | रात्री ९:४४

रोबॉट ठेवा की. ओवाराचे नाचे गवती टोपी इतकी पुढे ओढून घालतात की हनुवटीच दिसते. शामिसेन आणि कोक्यूच्या त्या रडव्या सुरावर रात्री अरुंद गल्लीतून हळूहळू जातात, पावलांचा आवाजही फारसा नाही. मी दोनदा पाहिलाय. ओळीतला कोण माणूस आणि कोण यंत्र हे बघणाऱ्याला कळणारच नाही. शेजारच्या नाचणाऱ्याला कळेल का, एवढंच.

पाणवठा | रात्री ९:४६

अंगावर काटा आला. पण ही वेगळीच कथा झाली! पुढच्या वर्षीसाठी ठेवतो.

खगोलवेडा | ९ सप्टेंबर, सकाळी ७:१५

उशिरा आलो. चंद्राची कथा आणि अजून सगळे पृथ्वीवरच? मुलीला चंद्रावर पाठवा. २१५० आहे, तिचे आईवडील तिथे कामाला असतील. आणि हे फार ओढून-ताणून नाही: चांद्रयान-५ ही आपली आणि जपानची एकत्र मोहीम आहे, लँडर इस्रोचा, बग्गी जाक्साची, जागा दक्षिण ध्रुवाजवळ, पाण्याच्या शोधात. या मार्चमध्येच केंद्राची मंजुरी मिळाली.

आता गंमत बघा. जूगोयाला आजी अंगणातून पूर्ण चंद्र बघतेय. त्याच क्षणी चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल? दिसणारच नाही. कला उलट्या असतात. तुमची पौर्णिमा ती त्यांची 'पृथ्वी-अमावास्या'. आजीसमोर सगळा चंद्र आणि नातीसमोर काळी पृथ्वी, त्यात सूर्य तिच्या शेजारीच, डोळे दिपलेले. नातीला पूर्ण पृथ्वी बघायची तर आजीकडे अमावास्या हवी. दोघींना एकमेकींचं पूर्ण बिंब एका रात्री कधीच दिसणार नाही.

ग्रहण हा अपवाद. परवासारखं खग्रास असेल तेव्हा तिथून पृथ्वी सूर्याला झाकते आणि तिच्या कडेने लाल कडं पेटतं, पृथ्वीवरच्या त्या वेळच्या सगळ्या सूर्योदय-सूर्यास्तांचा उजेड एकदम. ध्रुवावर असाल तर पृथ्वी नेमकी क्षितिजावर अर्धी वर, अर्धी खाली. म्हणजे डोंगरावर लाल कमान.

मंदाकाकू | सकाळी ८:०२

अग्गोबाई. वाचतेय हां मी.

तर्कटराव | सकाळी ८:३०

शंका. चंद्रावर पृथ्वी आकाशात एकाच जागी असते असं शाळेत शिकलो. मग क्षितिजावर वरखाली कशी?

खगोलवेडा | सकाळी ९:१०

बरोबर शिकलात, चंद्राच्या मधल्या भागासाठी. तिथे पृथ्वी खिळ्याला टांगल्यासारखी एका जागी असते, थोडी डुलते. जपानच्या कागुया यानाने टिपलेले पृथ्वी उगवतानाचे व्हिडिओ प्रसिद्ध आहेत, पण ते यानच फिरत होतं म्हणून. ध्रुवावर मात्र पृथ्वी क्षितिजालाच घासून असते आणि चंद्राच्या कक्षेच्या कलामुळे महिन्यातून साधारण दोन आठवडे वर, दोन आठवडे खाली जाते. म्हणजे ध्रुववासीयांना पृथ्वीचा उदय-अस्त आहे, महिन्यातून एकदा!

आणखी मजा: हा वरखाली जाण्याचा फेरा २७.२ दिवसांचा आणि कलांचा २९.५ दिवसांचा. दोन्ही जुळत नाहीत. काही महिने पूर्ण पृथ्वी नेमकी वर असताना येईल, काही महिने क्षितिजाखाली वाया जाईल. तिथे बसून कुणाला तरी नवं पंचांग करावं लागेल. आमचे दातेमंडळी पोचतील तोवर.

यंदाचंच बघा ना: जूगोया ६ ऑक्टोबरला आणि आपली कोजागरीही ६ ऑक्टोबरला. एरवी बऱ्याचदा त्यांची महिनाभर आधी येते. यंदा त्यांच्या पंचांगात अधिक महिना पडला, आपला पुढच्या वर्षी आहे, म्हणून गाठ पडली. शिवाय जूगोयाचा चंद्र दर वेळी खगोलशास्त्रीय पूर्ण नसतोच. २०२१, २२, २३ला होता. आता थेट २०३०.

सायतामाकर | सकाळी १०:३०

खगोलवेडा, साष्टांग. आणि ध्रुवावर पृथ्वीची वाट बघायची असेल तर शब्द तयार आहेत. जूगोयानंतर चंद्र रोज उशिरा उगवतो, त्या प्रत्येक रात्रीला नाव आहे. सोळावी इझायोई, 'घुटमळणारा'. सतरावी ताचिमाची, उभ्याने वाट बघण्याचा. अठरावी इमाची, बसून. एकोणिसावी नेमाची, आडवं पडून. ध्रुवावरच्या मुलांना हे शब्द पृथ्वीसाठी वापरताना दाखवा. दोन आठवडे म्हणजे आडवं पडूनही पुरायचं नाही.

आणि जूगोया बघितली तर महिनाभराने जूसान्या, तेरावी रात्र, बघावीच लागते. एकच बघणं अशुभ. यंदा २ नोव्हेंबरला आहे.

खगोलवेडा | सकाळी १०:४१

तेरावी रात्र म्हणजे तिथून पृथ्वीची बारीक कोर! जूगोयाला काही नाही, जूसान्याला कोर. वा.

मंदाकाकू | दुपारी १२:२०

मघाशी सायतामाकरांना व्यनि (खासगी निरोप) करून दांगोची कृती विचारली. तांदळाची पिठी गरम पाण्यात मळायची, गोळे करायचे, वाफवायचे. अहो ही तर आपली उकड! मोदकांचा हात असलेल्या कुणालाही जमेल. पंधरा गोळे: खाली नऊ, वर चार, वर दोन. क्योतोकडे म्हणे गोल करत नाहीत, अळकुडीसारखे लांबुडके करून वर अझुकीचं पुरण गुंडाळतात. जूगोयाला अळकुड्यांचाही नैवेद्य असतो, म्हणून त्या चंद्राला 'अळकुडीचा चंद्र' असंही नाव आहे. (अळकुडीताई, तुमच्या नावाचा सण निघाला!)

आणि चंद्रावरचा ससा मोची (चिकट तांदळाचा गोळा) कुटतो अशी त्यांची समजूत. तो ससा कुठला? जातककथेतला. पाहुण्याला द्यायला काही नाही म्हणून स्वतः विस्तवात उडी घेणारा, शक्राने ज्याचं चित्र चंद्रावर काढलं तो. चीनमध्ये गेला तो औषध कुटायला लागला, जपानमध्ये मोची. आपल्याकडे नुसता बसून आहे, 'शशांक' या शब्दात.

माझी शंका: तिथे वजन एक षष्ठांश. पिठी चाळताना सगळं घर पांढरं होईल.

अळकुडी | दुपारी १२:५०

सण निघाला खरा :)

पिठीपेक्षा मोठी अडचण सांगते. चंद्रावर हिगानबाना लावायची तर कंद जमिनीखालच्या घरात, तापमान यंत्राच्या हातात. मग शरद कधी आणायचा हे ठरवणार कोण? बटण दाबून २५वरून २० अंशांवर आणलं की फूल येणार. २३ सप्टेंबरला आणायचं, की पृथ्वीवर आता उशिरा फुलते तसं ऑक्टोबरात? ध्रुवावर यावर समितीत भांडणं होतील. एक गट म्हणेल तारीख पाळा, दुसरा म्हणेल क्योतो पाळा.

सायतामाकर | दुपारी १:१५

क्योतोतच केगोनजी देऊळ आहे, लोक त्याला सुझुमुशी-देरा म्हणतात, रातकिड्यांचं देऊळ. तापमान सांभाळून हजारो सुझुमुशी बारा महिने गात ठेवलेत. जानेवारीतही शरद. त्यामुळे तुमची समिती तिथे प्रशिक्षणाला येऊ शकते.

सुझुमुशी म्हणजे 'घंटाकिडा'. रिईन रिईन असा आवाज. एदोच्या काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) विक्रेते बांबूच्या पिंजऱ्यांतून विकत. तोक्योच्या मुकोजिमा ह्याक्काएन बागेत ऑगस्टअखेर किडे ऐकायला अजूनही लोक जमतात.

ध्वनिलेखक | रात्री ११:३०

सदस्य जुना, प्रतिसाद पहिलाच. चित्रपटांचं ध्वनिसंकलन करतो. सुझुमुशीवरून एक गोष्ट सांगायची आहे, कथेत उपयोग झाला तर बघा.

साधी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज नेते; माणसाचं बोलणं कळायला तेवढं पुरतं. सुझुमुशी गातो सुमारे ४००० ते ४५०० हर्ट्झवर. म्हणजे आजीने फोन झुडपापाशी धरला तरी पलीकडे शांतता. हल्लीचे कॉल जास्त वरपर्यंत नेतात, पण त्यांच्यात गोंगाट काढून टाकणारी यंत्रणा असते. सतत, एकसुरी, माणसाचा नसलेला आवाज तिला गोंगाटच वाटतो. ती तो कापते. यंत्र जितकं हुशार, तितका किडा लवकर गायब.

आणि अजून एक. वयाबरोबर माणसाचे वरचे स्वर आधी जातात. ऐंशी पंच्याऐंशीच्या आजीला स्वतःला तो किडा ऐकू येत असेलच असं नाही.

पाणवठा | १० सप्टेंबर, पहाटे १:१०

ध्वनिलेखक, झोप उडवलीत.

आत्ता जे आलं ते तसंच चिकटवतोय, कच्चं आहे:

*आजी अंगणात उतरली. नेमाचीची रात्र, चंद्र अजून डोंगरामागे. तिने फोन सुसुकीच्या बुंध्याशी धरला. "ऐकू येतंय?" पुढचे अडीच-तीन सेकंद नेहमीचे. मग नात म्हणाली, "हो आजी. खूप आहेत यंदा." नातीच्या खोलीत पंख्याची घरघर सोडून काही नव्हतं. आजीने फोन आणखी खाली, गवतात सरकवला. चार वर्षांपूर्वी, ज्या शरदात ते तिला ऐकू यायचे थांबले, तेव्हापासून किडे कुठे बसतात हे तिला आठवणीनेच माहीत होतं.*

तर्कटराव | सकाळी ८:१५

हिंजवडीचा प्रश्न मागे घेतो.

एकच: "नेहमीचे" पुढे काही स्पष्टीकरण घालू नका. प्रकाशाला जाऊन यायला अडीच सेकंद लागतात हे वाचकाला कळतं. नाही कळलं तर खगोलवेडा आहेतच.

मंदाकाकू | सकाळी ८:४०

दोघी खोटं बोलतायत आणि दोघींना माहीत नाही. मला भरून आलं. आजीला दांगो करताना दाखवाच.

सायतामाकर | रात्री ११:०५

ध्वनिलेखकांचं म्हणणं पडताळून पाहायचं म्हणून पाणवठा यांना मघाशी घरामागच्या ओढ्यावरून फोन लावला. इकडे सुझुमुशींनी नुसता कल्लोळ मांडला होता. दोन मिनिटं काही न बोलता फोन गवतात धरला. पाणवठा, तुम्हीच सांगा काय ऐकलंत ते.

पाणवठा | रात्री ११:१२

रेल्वे फाटकाची घंटा, कान-कान-कान. एक मोटारसायकल. मग तुमचं "गेला का आवाज?" किडा एकही नाही.

तरी मी "हो" म्हणालो होतो, आठवतंय का?

सायतामाकर | रात्री ११:१४

आठवतंय.